फ्रेंचचा उलटा नियम आणि आपली चिठ्ठी

फ्रेंच शिकताना लिंग पाठ होतं, आकडे पाठ होतात, नाकातले स्वरही कसेबसे जमतात. मग भूतकाळ येतो आणि भलेभले गडबडतात. 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणायचं तर 'झे एक्री युन लेत्र'. इथे 'लिहिणे'चं कृदंत, म्हणजे क्रियापदापासून बनलेलं 'लिहिलेलं'सारखं रूप, 'एक्री'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना चिठ्ठी आधी येते आणि तेच कृदंत बदलतं: 'ला लेत्र क झे एक्रीत'. शेवटचा 'त' आला तो चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून. कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर कृदंत त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, नंतर आलं तर बदलत नाही. वर्गात हे ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की असला विचित्र नियम केला कुणी?

खरं तर आपल्याला त्यात नवल वाटायला नको. आपण 'मी लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं' असंच बोलतो. लिहिणारा मीच, पण क्रियापद ऐकतं कर्माचं. संस्कृतात 'मया पत्रिका लिखिता' म्हणजे 'माझ्याकडून चिठ्ठी लिहिली गेली'. तिथे 'लिखिता' चिठ्ठीचं विशेषण आहे. जुन्या मराठीतलं 'म्यां' हे त्याच 'मया'चं रूप. पुढे त्याची जागा 'मी'ने घेतली, पण क्रियापदाने कर्माची साथ सोडली नाही.

फ्रेंचची जननी लॅटिन. तिच्यात 'हाबेओ एपिस्तुलाम स्क्रिप्ताम' म्हणजे 'माझ्यापाशी चिठ्ठी आहे, लिहिलेली'. इथेही 'लिहिलेली' हे चिठ्ठीचंच विशेषण. पुढे 'माझ्यापाशी आहे'चा अर्थ विरत गेला आणि उरला फक्त भूतकाळ. संस्कृतातलं 'युक्त' आणि लॅटिनमधलं 'युंक्तुस' शेजारी ठेवा, म्हणजे दोन्हींकडचं कृदंत एकाच घराण्यातलं असल्याचं कळेल.

मग फ्रेंचमध्ये नियम अर्धाच का उरला? जुन्या फ्रेंचमध्ये कर्म पुढे असो की मागे, लेखक बऱ्याचदा मनाप्रमाणे रूप बदलत. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियनचा दाखला देत, कर्म आधी असेल तेव्हाच बदलायचं, हा नियम पुढे केला. तो व्याकरणात पक्का बसला. आपल्याकडे कर्म बहुधा क्रियापदाच्या आधीच येतं, आणि 'लिहिली मी चिठ्ठी' असं उलटं म्हटलं तरी 'लिहिली'च राहते. त्यामुळे आपला नियम सोपा वाटतो, इतकंच.

गंमत अशी की फ्रेंचमध्ये हा फरक बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. 'खाल्ला' आणि 'खाल्ली' दोन्ही 'मांझे', फक्त लिहिताना एक 'ए' वाढतो. 'घेणे'सारख्या थोड्या क्रियापदांत मात्र 'प्री' आणि 'प्रीझ' असा फरक कानाला कळतो, आणि तिथेही बोलताना खुद्द फ्रेंच माणसं विसरतात. म्हणूनच 2018 साली बेल्जियममधल्या दोन माजी फ्रेंच शिक्षकांनी, 'आव्वार' (म्हणजे 'जवळ असणे', 'झे'मध्ये दडलेलं सहाय्यक क्रियापद) याच्याबरोबर येणारं कृदंत बदलूच नये, असा प्रस्ताव मांडला. त्यावर बराच वाद झाला. मला विचाराल तर प्रस्तावात तथ्य आहे, पण मराठी माणसाचा फुकटचा फायदा जाईल!

फायद्यासोबत एक खड्डाही आहे, आणि तो आपला खास. 'मी मुलगी पाहिली'मध्ये क्रियापद मुलीचं ऐकतं. 'मी तिला पाहिलं'मध्ये 'ला' आला की ते नपुंसकलिंगी होऊन बसतं. फ्रेंचला 'ला'शी देणंघेणं नाही. तिथे 'पाहणे'चं कर्म थेटच, आणि 'तिला' क्रियापदाच्या आधी येतं, म्हणून 'मी तिला पाहिलं' लिहिताना 'व्यू'ला स्त्रीलिंगी 'ए' लागतोच. उलट 'मी तिच्याशी बोललो'मध्ये फ्रेंच कर्म थेट नाही, म्हणून 'पार्ले' तसंच राहतं, ती आधी येवो वा नंतर. तेव्हा मराठीतला 'ला' पाहून निर्णय घेऊ नका. 'काय पाहिलं, कोणाला पाहिलं?' असं विचारून उत्तर सरळ मिळतं की 'कोणाशी, कोणासाठी' म्हणावं लागतं, हे फ्रेंच क्रियापदाकडूनच शिका. शब्दकोशात प्रत्येक क्रियापदापुढे ते दिलेलं असतं.