कुऱ्हाडीचं पोट बघून घ्या

थंडी तोंडावर आली की ऑनलाइन दुकानांत हातकुऱ्हाडींच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांत मिरवली जाते ती फक्त धार. कुणी कागद कापून दाखवतं, कुणी हातावरचे केस उडवून. आगटी पेटवायला ढलप्या काढायच्या असतील, तर ही परीक्षाच चुकीची आहे. ढलपी कापायची नसते, फोडायची असते.

लाकूड म्हणजे उभ्या, लांबट पेशींची जुडी. पेशींच्या भिंतींतले सेल्युलोजचे धागे बहुतेक उभेच असतात, आणि शेजारच्या पेशींना एकत्र चिकटवून ठेवतं ते लिग्निन. त्यामुळे उभं ताणलं तर लाकूड दाद देत नाही; शिरांच्या आडवं ओढलं की दहा-वीस पट कमी जोरात उकलतं. धारेचं काम चीर पाडून देण्यापुरतं. पुढे धार लाकडाला जेमतेम शिवते, चीर तिच्याही पुढे पळत असते, आणि तिला पळवतं ते धारेमागचं फुगीर पोट.

ती किती पुढे पळते, यात खरी गंमत आहे. चीर वाढायची तर नवा पृष्ठभाग तयार होण्याइतकी ऊर्जा तिच्या टोकाशी पोचली पाहिजे, हे ब्रिटिश अभियंता ग्रिफिथने १९२१ साली मांडलं. १९३० मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ ओब्रेइमोव्हने पाचर घालून अभ्रक उकललं आणि हा हिशेब मोजून दाखवला. पाचरीने पापुद्रा वाकतो, वाकण्यात ऊर्जा साठते, ती चिरेच्या टोकाशी खर्च होते. जमाखर्च जुळतो तिथे चीर थांबते. गणित केलं तर चिरेची लांबी पाचरीच्या जाडीच्या वर्गमुळाच्या आणि वाकणाऱ्या बाजूच्या जाडीच्या पाऊण (३/४) घाताच्या प्रमाणात येते. म्हणजे पोट दुप्पट जाड केलं की चीर सुमारे १.४ पट पुढे जाते. चीर खालच्या टोकापर्यंत पोचली की तुकडे टणकन उडतात. पातळ पातं मात्र सुरीसारखं आत रुततं आणि दोन्ही बाजूंनी आवळलं जातं.

त्याच गणिताचा दुसरा भाग ढलप्या काढणाऱ्यांच्या फार कामाचा. जाडी निम्मी झाली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. कडेला घाव घातला तर बारीक बाजूच जास्त वाकते, चीर तिच्याकडे वळते आणि अर्ध्यातूनच बाहेर पडते. म्हणून दर वेळी मधोमध फोडावं: अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा. गाठ असेल तर हे सगळं विसरा, तो तुकडा तसाच जाळा. आणि फोडताना लाकूड बोटांनी धरू नका, दुसऱ्या काठीने टेकवा.

नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत शिरलात तर पातं कडेने बघा. धारेशी तीसेक अंशांचा कोन आणि मागे भरत जाणारं पोट हवं. वजन ५००-७०० ग्रॅम पुरे. ‘६२ रॉकवेल’ कडकपणाचा डांगोरा सुरीसाठी ठीक, पण कुऱ्हाडीत इतकं कडक पोलाद गाठीवर टवके टाकतं, पन्नाशीतलं बरं. ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहाराने नीट पाणी देऊन घडवलेली कुऱ्हाड बऱ्याच चकचकीत मालाला भारी पडते. शनिवारी लोखंड घेऊ नये म्हणतात. कोट्यवधी किलोमीटरवरच्या शनीला तुमच्या कुऱ्हाडीचं काय पडलंय! त्यापेक्षा दांड्याच्या शिरा बघा, त्या टोकापासून टोकापर्यंत सलग हव्यात.

नागपूरकरांना आणखी एक भानगड सोसावी लागते. मे महिन्याच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात दांडा आडवा आकसतो आणि पातं डुगडुगतं. लोक रात्रभर पाण्यात बुडवतात. लाकूड फुगतं खरं, पण लोखंडात जागा नसल्याने त्याच्याच पेशी चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. त्याऐवजी ऐन उन्हाळ्यात, दांडा पुरता वाळलेला असताना, पाचर ठोकून घ्यावी आणि वर जवसाचं तेल चोळावं. तेल ओल अडवत नाही, पण तिची ये-जा मंदावते.