किशोरवयीनांचे मौखिक आरोग्य (कोल्हापूर)

१० ते १९ या वयातील मुलामुलींचे दात, हिरड्या आणि तोंडाचे आतले अस्तर यांची स्थिती म्हणजे त्यांचे मौखिक आरोग्य. साधारण १२-१३व्या वर्षी दुसरी पक्की दाढ उगवते आणि अक्कलदाढा वगळता २८ दात पूर्ण होतात. याच सुमारास ‘दात घासलेस का?’ असे घरात कोणी विचारेनासे होते आणि हातात खाऊचे पैसे खुळखुळू लागतात. नव्या दाढांची खरी जोखीम इथून सुरू होते.

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. दातावरच्या थराचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात. लाळ हा सामू हळूहळू पूर्ववत करते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यामुळे गोड किती खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाचा अभिमान रास्तच आहे. पण साखर वाईट आणि गूळ दातांना निर्धोक, हा समज खरा नाही. गुळातही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साखरच असते आणि चिकटपणामुळे तो दाढेच्या खाचांत रेंगाळतो. काकवी, चिक्की, उसाचा रस यांचेही तेच. हे पदार्थ जेवणासोबत खाल्ले आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासले, तर नुकसान बरेच टळते. अनेक घरांत दात फक्त सकाळी घासले जातात. आई-वडील रात्री घासत नसतील तर मुलेही घासत नाहीत; सांगण्यापेक्षा पाहण्यातून ही सवय लागते.

वयात येताना संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, ब्रश लागताच रक्त येते. मुले घाबरून तो भाग घासणे सोडतात. मग किटण साचून सूज आणखी वाढते. अशा वेळी मऊ ब्रशने घासत राहणेच योग्य.

कौटुंबिक वारशाचा सर्वांत घातक भाग मिसरीचा. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही पूड आजीच्या, आईच्या डबीतून मुलींच्या बोटावर येते. ‘दात दुखायचे थांबतात’ हे तिचे नेहमीचे समर्थन. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर देशात १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या मिसरीला ती रोखू शकत नाही. मुलग्यांत मावा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) आणि गुटखा. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे त्याआधीपासूनच गुन्हा आहे. परंतु नुसती सुपारीही गालाचे अस्तर कडक करते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

घरची मिळकत आणि पालकांचे शिक्षण यांवर उपचार कधी होणार ते ठरते. रोजंदारीवरच्या घरात दंतवैद्याकडे जाणे ठणका असह्य झाल्यावरच घडते. तोवर भरता आली असती ती दाढ काढावी लागते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत दंतक्षयही पाहतात. मात्र मराठवाड्यातून इथल्या साखर कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतली मुले हंगामभर कारखान्याच्या तळावर, कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात. गावच्या शाळेतली तपासणी त्या महिन्यांत झाली, तर त्यांचा नंबर थेट पुढच्या वर्षी लागतो.