आयकॉन थीम: आधी नावं जुळली, मग चित्रं

लिनक्स या संगणकप्रणालीच्या सेटिंग्जमध्ये थीम निवडली की फोल्डरपासून कचरापेटीपर्यंत सगळे आयकॉन एकदम बदलतात. कौतुक होतं ते चित्रं काढणाऱ्यांचं, आणि ते व्हायलाच हवं. पण ही सोय उभी आहे ती फायलींच्या नावांवर झालेल्या एकमतावर, आणि ते एकमत व्हायला बरीच वर्षं गेली.

लिनक्सवर खिडक्या, मेनू आणि आयकॉन दाखवणारे दोन मोठे डेस्कटॉप म्हणजे केडीई आणि ग्नोम. मातियास एट्रिख यांनी १९९६मध्ये केडीई सुरू केलं आणि १९९७मध्ये मिगेल दे इकाझा यांनी ग्नोमची घोषणा केली. दोन्हीकडे हौशी कलाकार होते, चित्रं होती, पण नावं आपापली. फाइल सेव्ह करण्याच्या त्याच एका फ्लॉपीला केडीई ‘फाइलसेव्ह’ म्हणे, तर ग्नोम ‘स्टॉक_सेव्ह’. एका डेस्कटॉपसाठी जीव ओतून केलेला संच दुसऱ्याकडे नेला की निम्म्या जागा रिकाम्या. कलाकाराने एकतर एकच बाजू धरायची, नाहीतर तीच चित्रं वेगवेगळ्या नावांनी पुन्हा भरायची.

तोडगा निघाला तो वेगवेगळ्या डेस्कटॉपसाठी समान नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉपच्या व्यासपीठावर. हेव्हॉक पेनिंग्टन यांनी २००० साली सुरू केलेल्या या प्रकल्पात आधी थीमची मांडणी ठरली: प्रत्येक संचात ‘इंडेक्स.थीम’ ही फाइल, आकारांप्रमाणे फोल्डर आणि ‘इनहेरिट्स’ ही ओळ. आपल्याकडे एखादं चित्र नसेल तर कोणत्या थीमकडे मागायचं, हे ती ओळ सांगते. तिथेही नसलं, तर शेवटचा दरवाजा ‘हायकलर’चा. हे नाव आज विचित्र वाटतं. ते केडीईच्या जुन्या दिवसांतलं आहे, जेव्हा मोजकेच रंग दाखवणाऱ्या पडद्यांसाठी ‘लोकलर’ नावाचा वेगळा संच असे. ते पडदे गेले, लोकलर गेला. हायकलर मात्र आजही जवळपास प्रत्येक डेस्कटॉपवर आहे.

मांडणी ठरली तरी नावांचा घोळ होताच. तो सोडवायला २००५मध्ये टँगो प्रकल्प आला. याकुब स्टायनर, तुओमास कुओस्मानेन, रॉडनी डॉज ही त्यातली ठळक नावं. टँगोची ठरावीक रंगपेटी आणि गडद कडा लोकांच्या लक्षात राहिल्या, पण खरं काम त्यासोबतच्या नावांच्या यादीने केलं. आता सेव्हचं नाव सगळ्यांसाठी एकच: ‘डॉक्युमेंट-सेव्ह’. जुनी नावं मागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी पर्यायी नावं, जोडून दिल्या. पुढे २००९मध्ये ही चित्रं सार्वजनिक मालकीची म्हणून खुली केली गेली.

केडीईकडे दिसण्याची परंपरा वेगळी होती. ब्राझीलचे एव्हेराल्दो कोएल्यो यांचा काचेसारखा चकाकणारा ‘क्रिस्टल’ २००३च्या केडीई ३.१मध्ये आला, २००८मध्ये केडीई ४सोबत ‘ऑक्सिजन’ आणि २०१४मध्ये केडीईच्याच प्लाझ्मा ५ या डेस्कटॉपसोबत सपाट ‘ब्रीझ’. मला स्वतःला क्रिस्टल आज जरा जास्तच ओला वाटतो.

नावं जुळल्यावर बाहेरच्या संचांना मोकळं रान मिळालं. फाएन्झा, न्यूमिक्स, सॅम ह्यूइट यांचा पेपर आणि त्याच्यातूनच फुटलेला पपायरस. पपायरस उघडून पाहिला तर खऱ्या चित्रांच्या जोडीला सिमलिंकांचा ढीग दिसतो. कारण प्रमाण यादीत सेव्ह, प्रिंट, फोल्डर असतात. प्रत्येक ॲपचा स्वतःचा आयकॉन नसतो. तो थीमवाल्यांना एकेक करून गाठावा लागतो.

हे ॲपवाल्यांना नेहमीच रुचतं असं नाही. २०१९मध्ये ग्नोमच्या काही ॲप-विकासकांनी खुलं पत्र लिहिलं: वितरणांनी (उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनी) परस्पर आमच्या ॲपचं रूप आणि आयकॉन बदलू नयेत. हौशी वापरकर्त्याने स्वतःच्या यंत्रावर काय करावं, यावर त्यांचा आक्षेप नव्हता. दरम्यान कुठल्याही लिनक्सवर ॲप बसवण्याची फ्लॅटपॅक ही पद्धत आली आणि तिच्या नियमाने आयकॉनचं नाव ॲपच्या पूर्ण ओळखीवरून ठेवणं भाग पडलं. चित्रं संपादित करणाऱ्या ॲपचा साधा ‘गिंप’ आता ‘ऑर्ग.गिंप.गिंप’ झाला, आणि थीमवाल्यांनी आणखी एक सिमलिंक जोडली.