प्राणी दिसले म्हणजे प्राणी वाढले का?

2020 च्या टाळेबंदीत ओस रस्त्यांवर फिरणाऱ्या प्राण्यांचे व्हिडिओ घरोघरी पोहोचले आणि 'निसर्ग सावरतोय' असं जो तो म्हणू लागला. त्यातले व्हेनिसचे म्हणून फिरलेले डॉल्फिन मुळात इटलीच्याच सार्डिनिया बेटाचे होते. व्हेनिसच्या कालव्यांचं पाणी नितळ दिसत होतं हे खरं, पण होड्या थांबल्याने गाळ तळाशी बसला होता, एवढंच.

प्राण्यांनी वागणं बदलणं आणि त्यांची संख्या वाढणं, या दोन गोष्टींची इथे गल्लत होते. वागणं काही दिवसांत बदलतं. 2023 मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात जीपीएस लावलेल्या 43 जातींच्या जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांच्या हालचाली तपासल्या होत्या. टाळेबंदी कडक होती तिथे दहा दिवसांतली त्यांची लांब पल्ल्याची भटकंती आदल्या वर्षाच्या तुलनेत 73 टक्क्यांनी वाढली आणि माणसांचा वावर जास्त असलेल्या भागांत ते रस्त्यांच्या सरासरी 36 टक्के जवळ आले. म्हणजे होते तेच प्राणी, फक्त जास्त मोकळे फिरत होते. शिवाय घरी बसलेल्या माणसांना खिडकीतून बघायला वेळही होता!

संख्येचं गणित वेगळं. पिल्लं जन्मायला हवीत, जगायला हवीत, त्यांना अधिवास हवा. त्याला अनेक विणीचे हंगाम लागतात. आणि माणूस हटला की भलंच होतं असंही नाही. स्वीडनच्या स्टोरा कार्लसो बेटावर 2020 मध्ये पर्यटक जवळपास आलेच नाहीत. ते नेहमी असतात म्हणून पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड तिथून लांब राहत. त्या वर्षी गरुडांचा वावर कितीतरी पटींनी वाढला, कड्यांवर अंडी घालणारे गिलेमॉट हे समुद्रपक्षी घाबरून पुन्हा पुन्हा कड्यावरून उडू लागले, उघडी पडलेली अंडी गल पक्ष्यांनी आणि कावळ्यांनी पळवली. गिलेमॉटच्या विणीचं यश 26 टक्क्यांनी घटलं. पर्यटकांची गर्दी हीच त्या पक्ष्यांची राखण होती, हे बेट रिकामं झाल्यावर कळलं.

धोरण आखणाऱ्याला हा फरक कामाचा आहे. रात्री जंगलातला रस्ता बंद ठेवायचा की वेग कमी करायचा, याला हालचालींची नोंद पुरेशी आहे. परिणामही त्याच महिन्यात दिसू शकतो. पण एखादी जात सावरली म्हणून तिचं संरक्षण सैल करायचं, तर आधीची आणि नंतरची, एकाच पद्धतीने केलेली, काही वर्षांची मोजणी हवी. ती नसेल तर व्हिडिओ कितीही असोत, फाइल पुढे सरकू नये.