डिस्क आणण्याआधी: फायनलाइज केली आहे ना?

(जुन्या डीव्हीडी पेन ड्राइव्हवर घेण्यासाठी किंवा कॉपी काढण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी)

‘आमच्या कॅमेऱ्यात दिसतं, मग तुमच्याकडे डिस्क कोरी कशी?’ असं बरेच जण विचारतात. अशी डिस्क सहसा खराब नसते. ती फायनलाइज करायची राहिलेली असते. रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्कवर अनुक्रमणिका आणि समाप्तीची खूण लिहावी लागते, यालाच फायनलाइज करणं म्हणतात. ती नसेल तर दुसऱ्या प्लेअरला आत काय आहे ते कळत नाही.

हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडींत (१.४ जीबी) हे हमखास आढळतं. ज्या कॅमेऱ्यात चित्रीकरण केलं त्यातच डिस्क घाला. अडॅप्टर जोडा, कारण नुसत्या बॅटरीवर अनेक कॅमेरे हे काम करत नाहीत. मेनूतून ‘फायनलाइज’ निवडा आणि पूर्ण होईपर्यंत कॅमेरा हलवू नका. चित्रीकरण थोडं असेल तर उलट जास्त वेळ लागू शकतो, म्हणून मध्येच बंद करू नका.

अशी डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली आणि ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर कृपया ‘नाही’ म्हणा. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क असेल तर एका क्लिकने सगळं जाऊ शकतं.

कॅमेराच बिघडला असेल तर डिस्क आहे तशी आणा. तिच्यावरचा कच्चा डेटा वाचून व्हिडिओ वेगळा काढावा लागतो. एकेका डिस्कला बराच वेळ जातो, म्हणूनच या कामाचा दर वेगळा आहे आणि तो आम्ही आधीच सांगतो.

कॉम्प्युटरवर स्वतः राइट करताना विंडोज दोन पर्याय देते. त्यातला ‘सीडी/डीव्हीडी प्लेअर’चा निवडा. ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’सारखी बनवलेली डिस्क टीव्हीजवळच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही.

कोरी डिस्क घेताना ‘मायनस आर’ (DVD-R) की ‘प्लस आर’ (DVD+R) याची फार चिंता नको. आजचे राइटर दोन्ही घेतात. फक्त प्लेअर फार जुना असेल तर मायनस आर घ्या. आरडब्ल्यू सुमारे १००० वेळा पुसून लिहिता येते, पण तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि जुने प्लेअर ती नाकारतात. लग्नाचं किंवा मुंजीचं रेकॉर्डिंग तिच्यावर ठेवूच नये. पाकिटावर ४.७ जीबी असतं आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो. ही फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्याहून मोठ्या फाइलसाठी ८.५ जीबीची ड्युअल लेअर (दोन थरांची) डिस्क मागा.

सीडीवर बॉलपेनने लिहू नका. तिचा डेटा छापील बाजूच्या पातळ थराखालीच असतो. सीडी मार्कर आमच्याकडे मिळतो.

१६ एक्स वेगाची डिस्क आम्ही ८ एक्सवर, म्हणजे निम्म्या वेगाने, राइट करतो आणि प्रत्येक कॉपी पूर्ण वाचून तपासतो, म्हणून ‘पाच मिनिटांत द्या’ म्हटलं तर जमत नाही. सकाळी दिलेली डिस्क संध्याकाळी घेऊन जा.