मोहोळला दुखायला लागलं, भिगवणला थांबलं

मे महिना. माझी पंधरा वर्षांची भाची आणि मी सोलापूर स्टँडवरून सकाळच्या पुण्याच्या एसटीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिची तिकडे स्पर्धा होती. मोहोळ मागे पडलं आणि इतका वेळ बडबडणारी पोरगी खिडकीकडे तोंड करून गप्प झाली. थोड्या वेळाने माझी ओढणी ओढून हळूच म्हणाली, "मावशी, पोट दुखायलंय गं. मांड्यापण." पाळीला अजून दोन दिवस आहेत असं ताईनं निघताना सांगितलं होतं.

माझ्या पर्समध्ये गोळी होती. ती तिनं मोहोळच्या पुढे घेतली आणि तिचा चेहरा जरा सैल झाला तो भिगवण जवळ आल्यावर. मधले दोन तास ती पाय पोटाशी घेऊन बसली होती. टेंभुर्णीच्या आसपास तर मी प्लास्टिकची पिशवी तिच्या तोंडापाशी धरून होते. विचारलं तेव्हा कळलं, सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही ("वाटेत बाथरूमला कुठं जायचं?") आणि गाडी लागते म्हणून काही खाल्लेलंही नाही. उशिरा घेतलेली गोळी, रिकामं पोट, कोरडा घसा. विज्ञानावर लिहून चार पैसे मिळवणारी मावशी शेजारी बसलेली असताना हे तिन्ही झालं, याची मला अजून लाज वाटते. कारण या तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच रसायन आहे.

त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि अस्तर सुटायला लागतं. सुटताना त्याच्या पेशींमधून प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. गर्भाशय म्हणजे स्नायूची पिशवी. हे रसायन तिला सांगतं, आवळ. अस्तर बाहेर पडायला तेवढं आवळणं लागतंच. पण काही मुलींमध्ये ते जास्त बनतं. मग गर्भाशय इतकं आवळतं की त्याच्याच भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडतो आणि कळा येतात. पायात गोळा आल्यावर पोटरी दुखते, त्याच जातीचं हे दुखणं. गर्भाशयाच्या नसा पाठीच्या कण्यात जिथे शिरतात, तिथेच कंबर आणि मांडीच्या वरच्या भागाच्या नसाही येतात. मेंदूला नेमका पत्ता लागत नाही, म्हणून "मांड्यापण". यातलं थोडं प्रोस्टाग्लँडिन रक्तात उतरून आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथल्या स्नायूंनाही तेच सांगतं. पहिल्या दिवशी मळमळ, जुलाब, उलटी होते ती त्यामुळे. त्यात एसटीचे धक्के म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

नावाची गंमत सांगायला हवी. 1930 च्या दशकात स्वीडनमधल्या उल्फ फॉन ऑयलर यांना हे द्रव्य वीर्यात सापडलं. ते पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावं या समजुतीने नाव पडलं प्रोस्टाग्लँडिन. समजूत चुकीची निघाली, नाव मात्र चिकटलं. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारं काहीतरी आहे, हे इंग्लंडमधल्या पिकल्स यांनी 1957 मध्ये दाखवलं. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवतात हे सिद्ध केलं आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. म्हणजे पोरीचं पोट दुखतं ते खरंच दुखतं, आणि का दुखतं, याचा पुरावा कधीचाच हाती आलेला आहे. तरी घरोघरी ऐकू येतं, "आम्ही नाही का सहन केलं?"

आणखी एक वाक्य ताईच्याच तोंडचं: "पहिल्या वर्षी हिला काही व्हायचं नाही. आता नाटकं शिकली." यात नाटक काही नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने बहुतेक मुलींमध्ये अंडं सुटतच नाही. अंडं सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन बनत नाही, मग त्याचं उतरणंही नाही आणि प्रोस्टाग्लँडिनचा लोंढाही नाही. सहा महिने ते वर्षभरात अंडं सुटायला लागतं आणि तेव्हाच दुखणंही सुरू होतं. पाळीचं चक्र मार्गी लागत असल्याचीच ही खूण. या वयात दोन पाळ्यांमधलं अंतर 21 पासून 45 दिवसांपर्यंत कितीही असू शकतं, त्यामुळे "अजून दोन दिवस आहेत" या हिशेबावर पिशवी भरू नये.

आता गोळीच्या वेळेबद्दल. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं नवीन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. आधीच बनून बसलेलं ती पुसून टाकत नाहीत. त्यात गोळी गिळल्यापासून रक्तात तिचं प्रमाण पुरतं चढायला आयब्युप्रोफेनला एक ते दोन तास लागतात आणि मेफेनॅमिक ॲसिडला दोन ते चार. मोहोळ ते भिगवण हे अंतर गोळीनं असं कापलं होतं. म्हणून "अगदीच सहन होईना तेव्हा घे" हा आपल्याकडचा सल्ला उलटा आहे. डाग दिसला किंवा ओळखीची कळ आली की लगेच घ्यायची, आणि पहिले एक-दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं पोटात काहीतरी घालून घेत राहायची. बहुतेकींना तेवढं पुरतं. नवी गोळी मात्र प्रवासात पहिल्यांदा देऊन बघू नये. आधीच्या एखाद्या पाळीत घरी घेऊन पाहावी, मानवते की नाही ते कळतं. दमा असेल, पूर्वी कुठल्या वेदनाशामक गोळीची ॲलर्जी आली असेल किंवा पोटात अल्सर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. तापात डेंग्यूची शंका असली तरी नको. मेडिकलमधून दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या आणून एकावर एक देणं तर अजिबात नाही. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज असा गंभीर त्रास होतो, अशी सूचना भारतीय औषधकोश आयोगाने 2023 च्या नोव्हेंबरात काढली होती. असं होणं दुर्मीळ आहे, पण गोळी चालू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत पुरळ आणि ताप एकत्र आले तर गोळीचं नाव डॉक्टरांना सांगायचं.

पण हे रसायन फक्त त्रास द्यायला शरीरात ठेवलेलं नाही. जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून जे संरक्षण असतं, ते प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर. आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायचं काम त्याचंच. गोळी गर्भाशय ओळखून तिथे जात नाही. ती सगळीकडचंच प्रोस्टाग्लँडिन कमी करते. म्हणून रिकाम्या पोटी घेतली तर जठर जळतं, आणि उन्हात तहानलेल्या अंगावर घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना 42-43 अंश म्हणजे काय ते सांगायला नको. अशा उन्हात, बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी न पिणारी मुलगी आणि तिच्या पोटात वेदनाशामक गोळी, ही जोडी मला दुखण्यापेक्षा जास्त काळजीची वाटते.

याच उन्हामुळे आणखी एक गोष्ट. पाळीसाठी म्हणून दुकानात जी गोळी हमखास पुढे केली जाते, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन असतं. पोटातला मुरडा सैल करणारं हे औषध घामही कमी करतं. तोंड कोरडं पडतं, कधी गरगरतं. घाम हे आपलं अंग गार ठेवायचं साधन. भर उन्हात, पत्रा तापलेल्या गाडीत ते बंद केलं तर ऊन बाधायचा धोका वाढतो. उन्हाळ्यातल्या प्रवासासाठी नुसती वेदनाशामक गोळी चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

खायला काय द्यायचं, यावर सोलापूरकरांना कुणी शिकवू नये. कडक भाकरी ही मुळातच प्रवासाची. आठवडाभर टिकते, सांडत नाही, तेलकट नाही, मळमळणाऱ्या पोटालाही चालते. फक्त तिच्याबरोबरची शेंगाचटणी त्या दिवशी बेतानं, दह्यात कालवून. अर्धी भाकरी, चार घास दही, मग गोळी. पाणी एकदम तांब्याभर नको, घोटघोट. उलटी-जुलाब असतील तर ओआरएस. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय, एवढं मुलीला स्वतःला कळलं पाहिजे.

शेकाला आपण आजीचा उपाय म्हणतो, पण त्याची रीतसर परीक्षा झालेली आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ओटीपोटावर सुमारे 39 अंशांचा सतत शेक ठेवला, तर तो आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला. दोन्ही एकत्र दिल्यावर आराम लवकर पडला, साधारण दीड तासात. नुसत्या गोळीला पावणेतीन तास लागले. उष्णतेनं स्नायू सैलावतो, रक्त वाढतं, आणि गरम लागल्याची जाणीव दुखण्याच्या जाणिवेला पाठीच्या कण्यातच थोडी अडवते. 39 अंश म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त, चटका बसेल असं नव्हे. प्रवासात रबरी पिशवी दोन तृतीयांश भरायची, हवा दाबून काढायची आणि टॉवेलात गुंडाळायची. आपल्या गावचा जाड टर्किश टॉवेल याला फार उत्तम. पिशवी गार झाली की थर्मासातलं पाणी. मे महिन्यात शेक कुणाला सोसेल, असं विचाराल तर बाहेरच्या उन्हानं अंगभर घाम येतो, ओटीपोटाला शेक मिळत नाही. आणि एसी डब्यात तर पिशवी हवीहवीशी वाटते.

पाळी पुढे ढकलायच्या गोळीबद्दल सोलापुरात बोलावंच लागतं. एका बाजूला पंढरपूर, एका बाजूला अक्कलकोट, पलीकडे तुळजापूर, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. "अडचण" नको म्हणून बायका सर्रास ही गोळी घेतात आणि तीच शाळकरी मुलीलाही दिली जाते. तिच्यातलं नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनचं काम करतं. ते आत येत राहतं तोवर अस्तर सुटत नाही, बंद केलं की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून ती सुरू करावी लागते, आदल्या रात्री घेऊन उपयोग नाही. घरात कुणाला रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा मुलीला अर्धशिशीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. बोर्डाची परीक्षा किंवा मोठा सामना असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्यायला माझी हरकत नाही. देवासाठी पोरीला गोळी द्यावी असं मला वाटत नाही, पण तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

आणि गाडी. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गर्दीही आमचीच असते. पण डब्यात संडास असलेली रेल्वे त्या दिवसांत शंभर टक्के सोयीची. मुलगी पाणी पिते, दर चार ते सहा तासांनी पॅड बदलू शकते, बोगीत चार पावलं चालू शकते. चालण्यानंही दुखणं उतरतं. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचरापेटीत, कमोडमध्ये नाही. गडद रंगाची सलवार, जास्तीची निकर, दोन जुनी वर्तमानपत्रं.

एवढं सगळं नीट करूनही दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर प्रवास बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, तासाला एक पॅड भिजत असेल, आठवड्याच्या वर रक्त जात असेल किंवा दर महिन्याला शाळा बुडत असेल, तरीही जायचं. गर्भाशयाच्या अस्तरासारखं पेशीजाळं गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा आजार कुमारवयातही होतो, आणि "लग्न झालं की थांबेल" म्हणत त्याची वर्षं वाया जातात.

स्पर्धा झाली. परत येताना मी हट्टानं हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढली. दुपारची गोळी जेवणानंतर घेतली होती. दौंड गेल्यावर तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणी जरा जास्तच घेतली आणि पोटावर पिशवी ठेवून झोपली. कुर्डुवाडीला एकदा उठून बाथरूमला जाऊन आली. सोलापूर स्टेशनवर उतरताना तिची लिटरची बाटली मी हातात घेतली तर रिकामी होती. घरी ताईनं पिशवी उघडली आणि पहिलं वाक्य बोलली, "टॉवेलाला चटणी कुणी सांडली?"