कळीचा चुना वेगळा, फक्की वेगळी

शिमगा सरला की आगरात आणि घरात एकदमच कामं निघतात. गोठ्याच्या भिंतीला पांढरा हात द्यायचा, पाऊस लागायच्या आत पोफळींवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) मारायचं, जांभ्याच्या आंबट जमिनीचं काहीतरी करायचं. प्रत्येक कामाला ‘चुना’ लागतो, आणि दरवर्षी कोणीतरी फक्कीचं पोतं घेऊन येतो. पांढरी आहे, स्वस्त आहे, भिजवायची कटकट नाही. मग मे महिन्यात विचारणा सुरू होते: भिंतीला टेकलं की शर्ट पांढरा का होतो? फवारलं तिथे पानं का करपली?

फक्की तुम्ही ओळखता. कबड्डीच्या मैदानावर रेषा मारतात ती. त्या नावाने बाजारात मिळते ती बरेचदा चुनखडीची नाहीतर संगमरवराची दळलेली पूड, म्हणजे दगडच, फक्त बारीक केलेला. कळीचा चुना म्हणजे तोच दगड भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजलेला. (किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून करत.) रंग, भाव, पोत्याचं वजन हे फरक सोडून द्या. खरी गोम पुढे आहे.

भाजताना शुद्ध चुनखडीच्या 100 किलोंतला 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो कळी उरते. ती पाण्यात टाकली की उकळते, फुटते, तिचं लोणी होतं. हा विरलेला चुना हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. भिंतीवर चुना धरतो तो यामुळेच. तो नुसता सुकत नाही, जागच्या जागी दगड बनतो. फक्की आधीपासूनच दगड आहे. तिला आता काहीच व्हायचं नाही. फक्कीने भिंत रंगवणं म्हणजे जळून गेलेली काडी पुन्हा पेटीवर ओढणं. डिंक घाला, नीळ घाला, पहिल्या सरीला ती ओघळणारच.

बोर्डोत हाच फरक महागात पडतो. एक टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी. त्याचा तिखटपणा चुन्याने मारायचा, म्हणजे तांबं पानाला न भाजता पानावर चिकटून बसतं. विरलेला चुना लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या वर विरघळतो. फक्की विरघळते काही मिलिग्रॅम. किलोला किलो घातली तरी मोरचूद मोकळंच राहतं, आणि पोफळीचा कोवळा घोस त्यात भाजून निघतो. ज्याच्यासाठी फवारलं तो कोळेरोग, म्हणजे सुपाऱ्या कुजवणारी बुरशी, राहिला बाजूला. म्हणून फवारण्याआधी घासून लख्ख केलेलं विळ्याचं पातं मिश्रणात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. थर चढेनासा होईपर्यंत विरलेला चुना गाळून घालत राहा. ही परीक्षा टाळणाऱ्याने रोगाच्या नावाने ओरडू नये.

यातही एक अर्धवट ऐकलेला नियम फिरतो: ‘बोर्डोला लोखंड चालत नाही.’ ते मोरचुदासाठी. चुना विरवायला जुनं लोखंडी घमेलंच बरं, कारण प्लॅस्टिकची बादली त्या उष्णतेने मऊ पडते. निवला की गाळून प्लॅस्टिकच्या पिंपात घ्या. डोळे मात्र सांभाळा, चुन्याचा उडालेला थेंब डोळ्याची खैर ठेवत नाही.

आता कोणी म्हणेल, मी कळीच आणली होती. कधी आणली होती? दिवाळीत आणून पडवीत तोंड उघडं ठेवलेली कळी शिमग्यापर्यंत आपोआप भुगा होते, पोतं फुगून उसवतं. हवेतलं पाणी आणि वायू पिऊन ती फक्कीच्याच वाटेला लागलेली असते. पानाच्या डबीतला सुकून खडा झालेला चुना आजोबा टाकून देत, तो उगाच नाही. शंका असेल तर चिमूटभर पुडीवर लिंबू पिळा. भरपूर फसफसली तर तिचा दगड झालाय. ताजा विरलेला चुना जवळजवळ गप्प राहतो. विरलेल्या चुन्याची सीलबंद पिशवी मिळते, ती ताजी असेल तर खुशाल वापरा. पण मला विचाराल तर ढेकळं घ्यावीत. ढेकूळ पाण्यात तापलं की माल खरा, दुकानदाराच्या तोंडाकडे बघायला नको.

जमिनीत मात्र उलटं. तिथे मला फक्कीच आवडते, म्हणजे चुनखडीची बारीक पूड. ती सावकाश काम करते, मुळांना भाजत नाही. कळी आळ्यात टाकणाऱ्याला माडाची दया येत नसावी. किती टाकायची ते माती तपासून ठरवा, आणि शेणखत किंवा युरियाबरोबर चुना कालवू नका. नाकाला झोंबतो तो वास म्हणजे उडून चाललेलं नत्र. दोन-तीन आठवडे मध्ये जाऊ द्या. घाटावरच्या काळ्या जमिनीत चुना आधीच उदंड असतो, तिथे हा उद्योग करूच नका. तिकडची जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली, असेल तर जिप्सम लागतं, आणि ती तिसरीच पांढरी पूड आहे.